युसुफचाचांचं लेथ

आमच्या आळीत परदेशातून कायमचा परत येणारा माणूस काय घेऊन येतो, हे सगळ्यांना पाठ होतं. ब्लँकेटं, अत्तराच्या बाटल्या, मोठा टेपरेकॉर्डर, आणि नोकरी फारच बरी असली तर फ्रीज. युसुफचाचा जहाजावरची नोकरी संपवून १९९८च्या दिवाळीनंतर रत्नागिरीला घरी आले, तेव्हा त्यांच्या रिक्षामागून एक ट्रक आला. ट्रकात ताडपत्रीखाली लांबट, बुटकं आणि फार जड असं काहीतरी होतं. आळीतली निम्मी माणसं आपापल्या गडग्यांशी, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणांशी, येऊन उभी राहिली. मीही होते. त्यांचं घर आणि आमचं घर शेजारी, मध्ये तीन फुटी गडगा.

ताडपत्री निघाली आणि खाली दिसलं ते लेथ. लोखंडाचा दांडा गरगर फिरवायचा आणि धारदार हत्याराने सोलत सोलत हव्या त्या मापाला आणायचा, त्याचं यंत्र. मोडीत निघालेल्या एका जहाजावरचं. चाचांनी मुंबईत भंगारवाल्याकडे आठ दिवस खेपा घालून ते निवडलं होतं.

झुबेदाचाची ओटीवर पदर सावरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. चाचांनी दोन महिन्यांपूर्वी जहाजावरून पत्र पाठवलं होतं, ‘मशीन घेऊन येतोय, जागा करून ठेव.’ पलीकडच्या आळीत कुवेतहून आलेल्या एकाने बायकोला कपडे धुवायचं मशीन आणलं होतं, ते चाची स्वतः जाऊन बघून आल्या होत्या. त्यांनी गवंडी बोलावून विहिरीजवळ पक्का सिमेंटचा ओटा घातला, वर नळ बसवला आणि खाली पाणी जायला पन्हळ काढली.

चाचांनी तो ओटा पाहिला. भोवती एक फेरी मारली, टाच आपटून बघितली आणि फार खूश झाले. फाउंडेशन पक्कं आहे म्हणाले, फक्त साडेतीन फूट आखूड पडतंय. नळ बघून तर ते गहिवरलेच. हत्यार तापलं की त्यावर पाण्याची धार सोडावी लागते, हे हिला न सांगता कसं कळलं, असं ते ट्रकवाल्याला विचारत होते.

दुसऱ्या दिवशी चाची गडग्याशी येऊन मला हळूच म्हणाल्या, “बाई, तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या अकलेची तारीफ केली. आता कशाला सांगू, तो ओटा धुण्यासाठी होता म्हणून?”

त्यांनी ते अखेरपर्यंत सांगितलं नाही.

चाचा उंच, हडकुळे आणि ताठ. जहाजाच्या इंजिनखोलीत उभा जन्म गेल्यामुळे डाव्या कानाने कमी ऐकू येई, त्यामुळे त्यांचं खाजगी बोलणंही आळीच्या टोकापर्यंत पोचे. अंगात सदा इस्त्री केलेला खाकी बॉयलर सूट. शुक्रवारी नमाजाला जाताना तेवढा तो उतरे. घरात वावरताना ते उजवं-डावं म्हणत नसत. उजवीकडे म्हणजे स्टारबोर्ड, डावीकडे म्हणजे पोर्ट. स्वयंपाकघराला ते गॅली म्हणत. जेवायला आलेल्या पाहुण्याला हात धुवायचे असले तर चाचा सांगत, “सरळ जा आणि पोर्टला वळा,” आणि पाहुणा सरळ जाऊन कोंबड्यांच्या खुराड्याशी उभा राही.

एक सवय मात्र उपयोगाची होती. चालू यंत्र दिसलं की ते खिशातला लांब स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याचं टोक यंत्राला आणि मूठ आपल्या चांगल्या कानाला लावत. माझ्या मिक्सरला त्यांनी असा कान लावला आणि अडुळशाचा काढा लिहून देणाऱ्या वैद्यासारखं तोंड करून म्हणाले, “बेअरिंग गेलंय, बाई. तीन महिने.” मिक्सर तिसऱ्या महिन्यात बंद पडला. त्यानंतर माझ्या सासूबाई त्यांना आपल्या गुडघ्याजवळ स्क्रू-ड्रायव्हर आणू देत नसत.

तर लेथ आलं. आता ते बसवायचं कुठे, हा प्रश्न. आम्हाला वाटलं तो आठवड्याचा आहे. तो पावणेदोन वर्षांचा निघाला.

ओटा आखूड आणि उघड्यावर, तेव्हा आतलीच जागा ठरली होती. मागच्या अंगाला भात आणि नारळ ठेवायची एक खोली होती, ती चाचांनी रिकामी करून घेतली. पण खोलीत नेमकं कुठे? उजेड डाव्या खांद्यावरून यायला हवा. खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो, म्हणून खिडकीसमोर नको. भिंतीला चिकटवलं तर मागे हात घालून साफ कसं करणार? मध्ये ठेवलं तर चाचींना तेलाच्या डब्यापर्यंत जायला वाट राहत नाही. चाचांनी जमिनीच्या कोब्यावर खडूने लेथच्या मापाची चौकट आखली. ती पुसून दुसरी आखली. मग पुसायचं सोडून नुसतं आखत राहिले. महिन्याभराने ती खोली मुलींनी लंगडी खेळायला आखल्यासारखी दिसू लागली.

तेवढ्याने मन भरेना, तेव्हा त्यांनी ओटीवरचं लाकडी बाकडं आत नेलं, त्याच्या एका टोकावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा बांधला आणि हे लेथ आहे असं धरून त्याच्यासमोर उभे राहिले. सकाळी आठ ते बारा ही त्यांची कामाची पाळी. आठला बॉयलर सूट चढवून ते बाकड्यासमोर जात. हवेत चाकं फिरवत, वाकून न्याहाळत, कपाळावरचा घाम पुसत. दहाला चहासाठी मशीन बंद करत, म्हणजे डब्याजवळ हवेत एक खटका खाली ओढत.

हे आठ दिवस चाललं. आळीत कुजबुज सुरू झाली. समुद्रावरून आलेल्यांचं असं होतं कधीकधी, असं जो तो समजुतीने बोलू लागला. चाचींनी मला बोलावलं आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं की डॉक्टरांना दाखवावं का. मी शाळेत शिकवत असल्यामुळे मला सगळ्यातलं कळतं असा त्यांचा समज होता. मी खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. चाचा बाकड्यावर नसलेल्या दांड्याचं माप घेत होते. मी जरा भीतभीतच विचारलं, “चाचा, कसं काय चाललंय?”

त्यांनी मान वर केली. चेहरा अगदी शुद्धीवरच्या माणसाचा.

“उजवं कोपर भिंतीला लागतंय, बाई. मशीन बसल्यावर कळून काय उपयोग?”

दुसऱ्या दिवशी बाकडं अर्धा फूट पुढे सरकलं. मी चाचींना सांगितलं की डॉक्टरची गरज नाही. त्यांचं फारसं समाधान झालं नाही. वेड असतं तर औषध तरी असतं, असं त्या म्हणाल्या.

या काळात खरं लेथ अंगणात ताडपत्रीखाली होतं. त्याच्यावर आमसुलं वाळली, पापड वाळले, एका कोंबडीने त्याच्याखाली अंडी घालून पिल्लं काढली. अखेर पावसाळा तोंडावर आला आणि चाचींनी सांगितलं की आता एक तर मशीन आत जाईल नाही तर मी माहेरी जाईन. माहेर मालगुंडला होतं, तिथे त्यांचं भावजयीशी मुळीच पटत नसे. त्यामुळे धमकी खरी असणार हे चाचांनी ओळखलं.

लेथ हलवायला बंदरावरचे सहा हमाल आले. चाचांनी फळ्या टाकल्या, त्यावर गोल पाइप मांडले आणि स्वतः पुढे उभे राहून हुकूम द्यायला सुरुवात केली. स्टारबोर्ड, स्टारबोर्ड, आता हळू पोर्ट. हमालांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते चाचांच्या आवाजाच्या पट्टीवरून अंदाज करत होते. दाराच्या चौकटीत लेथ दोन बोटं अडकलं. चाचींनी न्हाणीतून साबणाच्या वड्या आणून दिल्या, त्या चौकटीला चोळल्या, आणि सहा जणांनी एकदम जोर लावला. लेथ चौकटीतून सुटलं ते पाइपांवरून घरंगळत, खडूच्या साऱ्या चौकटी ओलांडत, थेट पलीकडच्या भिंतीपासून फूटभरावर जाऊन थांबलं. तोंडाकडची बाजू भिंतीला, शेपूट दाराकडे.

 हमालांचा मुकादम म्हणाला, “चाचा, बसलं की.”

चाचा लेथसमोर जाऊन उभे राहिले. उजेड कुठून येतो ते पाहिलं. कोपर फिरवून बघितलं. खारा वारा लागत नव्हता, चाचींच्या डब्याची वाट मोकळी होती. सात महिने खडूने आणि बाकड्याने जे जमवलं नव्हतं ते साबणाने जमवलं होतं. पण हे कबूल करायला त्यांना आणखी पंधरा दिवस लागले.

जागा ठरली तरी लेथ बसलं असं नाही. आता निघाली पाणसळ. जाड पोलादी पट्टी, मध्ये काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की यंत्र समतल. चाचा लेथच्या पायाखाली पत्र्याच्या पाचरी सारत, पहारीने उचलत, बुडबुडा मध्ये आणत. रात्रीतून कोबा ओल धरून कुठेतरी केसभर दबे आणि सकाळी बुडबुडा सरकलेला असे. रोज सकाळी मी तांदूळ धूत असताना गडग्यापलीकडून बातमी येई, “बाई, आज अर्धा सूत पूर्वेला.” कधी पश्चिमेला. माझ्या सासूबाई आकाशवाणीच्या हवामानापेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवू लागल्या. बुडबुडा पूर्वेला असला की त्या वाळवण घालत नसत.

एकदा आमच्या ओळखीचे साळवी मास्तर आले होते. ते तंत्रशाळेत आयुष्यभर लेथ शिकवून निवृत्त झालेले. मी कौतुकाने त्यांना पलीकडे घेऊन गेले. मास्तरांनी सगळं पाहिलं आणि सहज सांगितलं की लेथ अगदी समतल असायची गरजच नसते. थोडं कललेलं असलं तरी बिघडत नाही, त्याला पीळ बसला नाही म्हणजे झालं. जहाजावर नाही का चालत?

चाचांनी मास्तरांना चहा दिला, त्यांच्या बागेतल्या कलमांची चौकशी केली, फाटकापर्यंत पोचवलं. मग परत येऊन खोलीत उभे राहिले. मला अपराध्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, मास्तरांचं मनावर घेऊ नका.

“मला ठाऊक आहे ते,” चाचा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीपुरता होता. “तीस वर्षं मी डोलणाऱ्या लेथवर काम केलं, बाई. एक लाट आली की मी इकडे, दांडा तिकडे. पाणसळ घेतली होती हौसेने, ती पेटीतून बाहेर काढायची सोयच नव्हती. म्हटलं जमिनीवर जाऊ तेव्हा एकदा तरी बुडबुडा मधोमध थांबलेला बघू.”

त्यानंतर मी सकाळची बातमी मन लावून ऐकू लागले.

दुसरा पावसाळा आला. लेथवर अजून एक खिळासुद्धा कातलेला नव्हता. अशा वेळी, नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना, धर्मा तांडेल आला. त्याची मासेमारीची लहान बोट होती. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा तिचा दांडा, म्हणजे शाफ्ट, झिजून वाकडा झाला होता. नवीन सळई त्याने आणली होती, पण तिची दोन्ही टोकं कातून, आटे पाडून हवी होती. गावातल्या सगळ्या वर्कशॉपांत बोटींची रांग, कोणी पंधरा दिवसांच्या आत घ्यायला तयार नाही. खलाशी गावाकडून आले होते, जाळी विणून तयार होती. हंगामाचे पहिले पंधरा दिवस बोट किनाऱ्यावर राहिली तर खलाशी दुसऱ्या बोटीवर जाणार आणि वर्ष हातचं जाणार.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि खेदाने सांगितलं की मशीन अजून बसलेलं नाही.

चाची गॅलीच्या दारात उभ्या होत्या. त्या धर्माकडे न बघता चाचांना म्हणाल्या, “मशीन बसेल तेव्हा बसेल. त्याची बोट आज बसलीय, तिचं बघा.”

चाचांनी कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली आणि बाहीची बटणं उघडली.

सळई नऊ फुटांची. लेथच्या तोंडात आरपार भोक असतं, त्यातून ती मागे सारायची, हवं ते टोक तेवढं पुढे ठेवायचं. धर्माने आणि चाचांनी मिळून सळई आत घातली. ती सरकत गेली आणि ठक् करून भिंतीला लागली.

उजेड, वारा, कोपर, चाचींची वाट, बुडबुडा, सगळ्याचा विचार झाला होता. मागे सळई कुठे जाणार, हा विचार बाकड्याला भोक नसल्यामुळे राहून गेला होता.

धर्मा म्हणाला की चार माणसं आणतो, मशीन फिरवून घेऊ, पाच मिनिटांचं काम. चाचा पालथ्या बादलीवर बसले. त्यांनी पाणसळीकडे पाहिलं. त्या दिवशी बुडबुडा मधोमध होता, सलग अकराव्या दिवशी. मग ते उठले आणि पहार मागितली. आम्हाला वाटलं, हलवतायत. त्यांनी पहार उचलली ती भिंतीवर घातली.

भिंत त्यांच्या वडिलांनी बांधलेली, दीड फूट जाड चिऱ्याची.  चाचींनी फक्त भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं.

मी घरी येऊन कुकर लावत होते तेव्हा खिडकीसमोरच्या चाचांच्या भिंतीतून लाल माती ढासळली, एक भोक पडलं आणि त्यात चाचांचा डोळा दिसला. डोळ्यामागून आवाज आला, “बाई, तुमच्या हद्दीत थोडं येऊ का?”

सळई भिंतीतून बाहेर निघाली ती थेट आमच्या गडग्यावर टेकली. तशीच लोंबत फिरवली तर चाबकासारखी उसळली असती. म्हणून गडग्यावर लाकडाची बेचकी बसवली, ती ग्रीसने माखली, आणि तिच्याजवळ विश्वासाचा माणूस हवा असं चाचांनी सांगितलं. आमचे हे पोस्टात होते. स्वभावाने इतके जपून वागणारे की स्कूटरसुद्धा उतारावर ढकलत नेत. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पत्र्याची तेलाची कुपी घेऊन स्टुलावर बसले. वरून श्रावणाची सर आली, म्हणून दुसऱ्या हातात छत्री. भोकातून हाक येई, “तेल,” की हे हात लांब करून चार थेंब सोडत आणि हात चटकन मागे घेत. सासूबाई काठी घेऊन फाटकात बसल्या, कुणाला आत सोडेनात. दुपार होईतो आळीतले सगळे रस्त्यावर उभे होते.

आत चाचा उभे होते. मी दारातून पाहिलं. बाकड्यासमोर केलेल्या त्याच हालचाली, तेच वाकणं, तेच चाक फिरवणं, फक्त आता हत्याराखालून लोखंडाचा निळसर कीस वेटोळी घेत खाली पडत होता.  टोक निमुळतं झाल्यावर त्यांनी चाचींकडे काजळ मागितलं. धर्माने आणलेल्या बोटीच्या पंख्याच्या भोकात ते काजळ चोळलं, पंखा टोकावर चढवून फिरवला आणि काढला. काजळ टोकाला चारी बाजूंनी सारखं लागलं होतं, म्हणजे टोक पंख्यात अचूक बसत होतं. धर्माने ते पाहिलं आणि तो भिंतीला टेकून बसला.

दुसरं टोक दुसऱ्या दिवशी झालं. ह्यांनी तेव्हा पूर्ण दिवसाची रजा टाकली.

पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन इतर बोटींबरोबर धर्माची बोट बाहेर पडली. तिसऱ्या दिवशी दोन्ही घरांना पापलेटं आली. आमच्याकडे मासे चालत नसत, तेव्हा सासूबाईंनी आमचा वाटा भिंतीतल्या भोकातून चाचींकडे पाठवला, आणि त्याच वाटेने संध्याकाळी शिरखुर्मा आला.

मी एकदा सवयीने विचारलं, “आज बुडबुडा कुठे?”

“बघितला नाही,” चाचा म्हणाले. पहारीच्या दणक्यांनी तो पार एका कडेला गेला होता, हे मला चाचींकडून कळलं. खोलीत तोवर आणखी दोन बोटींचे शाफ्ट येऊन पडले होते.

पुढे माझी बदली देवरूखच्या शाळेत झाली आणि आम्ही रत्नागिरी सोडली. दोन-तीन वर्षांनी काही कामासाठी गेले होते, तर संध्याकाळच्या एस.टी.ला वेळ होता म्हणून बंदरावर चक्कर मारली. एक बोट धक्क्याला लागून होती, इंजिन चालू. तिच्या पोटातून चाचांचा आवाज येत होता, कुणाला तरी नट आवळायला सांगणारा. मी हाक मारणार, तेवढ्यात वरच्या खलाशाने दोर सोडला. बहुधा त्याला वाटलं, काम झालं, चाचा उतरले.

बोट धक्क्यापासून वीस-पंचवीस हात गेल्यावर चाचा वर आले. तोच खाकी बॉयलर सूट, आता जरा सैल झालेला. हातात बाजाराची पिशवी, तिच्यातून कोथिंबिरीची जुडी बाहेर आलेली. चाचींनी अर्ध्या तासात आणायला सांगितलेली असणार. त्यांनी धक्क्याकडे पाहिलं, मग समोर खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. खलाशी घाबरून बोट वळवू का विचारत होता. चाचांनी मानेनेच नको म्हटलं. त्यांना मी दिसले असावे, कारण त्यांनी पिशवीचा हात वर केला, आणि बोट पहिल्या लाटेवर चढली तेव्हा ते कशालाही न धरता तसेच उभे होते.